शिबिर चार दिवसांचं, तयारी चार वर्षांची

राष्ट्रपती स्काउट-गाईड पुरस्काराची वाट चालणाऱ्यांसाठी

नववीचं वर्ष सुरू होतं, जिल्हा कार्यालयाकडून पुरस्कार चाचणी शिबिराचं पत्रक शाळेत येतं आणि एकच धांदल उडते. कुणाच्या तृतीय सोपानची तारीख सापडत नाही, कुणाची नोंदवही कोरी, कुणाला गाठी येतात पण लॅशिंग, म्हणजे दोरीने बांबू जोडणं, येत नाही. मग पंधरा दिवसांत तीन वर्षांच्या नोंदी लिहून काढायच्या, नियम पाठ करायचे, एका रविवारी शाळेचं आवार झाडून त्याला सेवा प्रकल्प म्हणायचं, असा खटाटोप सुरू होतो. त्यातून काही जण पारही होतात. पण शिबिरात परीक्षकाने दोन बांबू आणि एक दोरी पुढे ठेवली की पाठांतर उपयोगी पडत नाही.

हा लेख पाचवी ते नववीतल्या स्काउट-गाईडसाठी आहे आणि त्यांच्या पालकांसाठीही. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. चाचणी शिबिर काही दिवसांत उरकतं, पण तिथे तुमची गेली काही वर्षं तपासली जातात. ती वर्षं खरोखर घडली असतील, तर शिबिराची वेगळी तयारी फार करावी लागत नाही.

वाट कशी आहे

भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या स्काउट संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. मुलींची गाईड संघटना 15 ऑगस्ट 1951 रोजी तिच्यात सामील झाली. या चळवळीत दहा वर्षं पूर्ण झालेला मुलगा स्काउट आणि मुलगी गाईड होते. तिथून पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. एकही पायरी गाळता येत नाही आणि प्रत्येक पायरीवर किमान काही काळ थांबावंच लागतं. नवा मुलगा पथकात आल्यावर दीक्षाविधीआधी किमान 3 महिने सभांना यायला हवा. दीक्षा झाल्यावर प्रथम सोपानसाठी 6 महिने काम हवं. त्यापुढच्या टप्प्यांना त्याहून जास्त अवधी लागतो.

हे हिशेब कोरडे वाटतात, पण बहुतेकांचा पुरस्कार इथेच हुकतो. दहावीच्या बोर्डाकडून मागे मोजत या. दहावीत राष्ट्रपती पुरस्काराची चाचणी द्यायची तर नववीत राज्य पुरस्कार हवा, आठवीत तृतीय सोपान, सातवीत द्वितीय, सहावीत प्रवेश आणि प्रथम. म्हणजे सहावीच्या जूनमध्ये पथकात नाव घातलेल्या मुलाला ही वाट आरामात चालता येते. सातवीत आलेल्याला घाई करावी लागते आणि आठवीत आलेल्याला ती पुरी करणं कठीण जातं. शिवाय वरच्या पायऱ्यांची शिबिरं वर्षभरात केव्हाही होत नाहीत. आजारपणामुळे किंवा घरच्या लग्नामुळे एक शिबिर चुकलं की अनेकदा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. म्हणून वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवा.

तरीही कुणाचं राहून गेलं, तर दार कायमचं बंद होत नाही. मोठ्या मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर विभाग आहे. तिथे प्रवीण, निपुण अशा पायऱ्या चढून पुन्हा राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येतं. वयाची मर्यादा 25 वर्षांपर्यंत असल्याने कॉलेजातल्या मुलांनाही संधी आहे.

आधी कागद नीट करा

जंगलात तंबू ठोकायच्या आधी एक साधी फाइल ठोकून ठेवा. तिच्यात काय हवं? जन्मतारखेचा पुरावा, तुमचा ऑनलाइन सदस्य क्रमांक, दरवर्षीच्या नोंदणीची पावती, दीक्षाविधीची तारीख, प्रत्येक सोपानचं प्रमाणपत्र आणि मिळवलेल्या प्रत्येक बॅजची नोंद. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि स्काउट नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळतं का, ते आजच पाहा. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत आल्याचं प्रत्येक जिल्ह्यात ऐकायला मिळतं.

दुसरी गोष्ट, पथकाची वार्षिक नोंदणी. तुम्ही कितीही मेहनत घेतली, पण शाळेने मधल्या एका वर्षी पथकाची नोंदणीच केली नसेल तर तुमच्या सलग सदस्यत्वात खंड पडतो. म्हणून जून-जुलैमध्ये सरांना किंवा बाईंना नम्रपणे विचारा, ‘सर, यंदाची नोंदणी झाली का?’ हा आगाऊपणा नाही. संघनायकाने तर हे विचारायलाच हवं.

नियमांसाठी मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. संघटनेची ‘एप्रो’ नावाची नियमपुस्तिका असते. स्काउट विभागाचा भाग वेगळा आणि गाईड विभागाचा वेगळा. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात. त्यामुळे जिल्हा संघटकांकडून चालू आवृत्ती मागून घ्या आणि तुमच्या पुढच्या पायरीच्या अटींची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर लावा. प्रत्येक अटीपुढे दोन रकाने आखा: ‘कधी शिकलो’ आणि ‘कधी तपासलं गेलं’. दोन्ही भरल्याशिवाय ती अट पूर्ण झाली असं समजू नका.

एकट्याने नव्हे, संघात

पुरस्कार एकेकाला मिळतो, पण तिथवर कुणी एकट्याने पोचत नाही. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल (बी.पी.) यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हाच मुलांचे छोटे संघ पाडले होते. आजही सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक आणि संघनायकांची मानसभा हाच पथकाचा कणा आहे. ज्या शाळेत स्काउटिंग म्हणजे शनिवारी साठ मुलांची एक रांग आणि पुढे उभे सर, तिथे मुलं संचलन शिकतात. निर्णय घ्यायला मात्र शिकत नाहीत. वरच्या पायऱ्यांवर तर निर्णयच तपासले जातात.

म्हणून सातवी-आठवीत संघाची एखादी जबाबदारी मागून घ्या. संघनायकपद मिळालं नाही तरी भांडारप्रमुख, स्वयंपाकप्रमुख, हिशेबनीस अशी कामं असतातच. आठ जणांच्या हाइकला किती पोहे लागतील, एसटीचं भाडं किती होईल, पाऊस आला तर कुठे थांबायचं, हे ठरवणारा मुलगा चाचणीत आपोआप वेगळा दिसतो.

आणखी एक करा. जे शिकलात ते लगेच नव्या मुलाला शिकवा. पाचवीतल्या पोराला रीफ नॉट दाखवताना आपल्यालाच कळतं, की डाव्यावर उजवं आणि उजव्यावर डावं हा क्रम आपण आजवर अंदाजाने जमवत होतो.

हात बसला पाहिजे

दोरीचं काम हा पाया आहे. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, शीप शँक, बोलाइन, फिशरमन्स नॉट, टिंबर हिच या गाठी नावानिशी येणं ही सुरुवात झाली. खरा प्रश्न असतो, कोणती गाठ कुठे मारायची. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर एक गाठ, जाड-बारीक दोऱ्यांना दुसरी. विहिरीतून माणूस वर ओढायचा असेल तर घट्ट न होणारा फास हवा, म्हणजे बोलाइन. प्रत्येक गाठीसाठी घरातला एक उपयोग शोधा. गादीची वळकटी, कपड्यांची दोरी, सायकलच्या कॅरिअरवरचं ओझं, गोठ्यातला खुंटा. रोजच्या कामात वापरलेली गाठ शिबिरात विसरत नाही. मग डोळे मिटून आणि पाठीमागे हात ठेवून बांधून पाहा. रात्री अंधारात तंबूची दोरी सुटते तेव्हा तसंच बांधावं लागतं.

लॅशिंगमध्ये मुलं हमखास दोन ठिकाणी अडकतात. चौकोनी लॅशिंग उभ्या बांबूवर क्लोव्ह हिचने सुरू होतं. मग दोन्ही बांबूंभोवती तीन-चार घट्ट वेढे, त्यानंतर बांबूंच्या मधून दोन-तीन आवळफेरे आणि शेवट आडव्या बांबूवर क्लोव्ह हिच. आवळफेरे ढिले राहिले की सगळा डोलारा हलतो. तिरकं लॅशिंग मात्र टिंबर हिचने सुरू होतं, कारण आधी दोन बांबू एकमेकांकडे ओढून घ्यायचे असतात. तीन काठ्यांची तिपाई करायची तर आठच्या आकड्याचं लॅशिंग. बांधून झालं की त्यावर वजन टाकून पाहा.

शिबिरातली गॅझेट्स म्हणजे शोभेची कमान नव्हे. चपलांचा स्टँड, हात धुण्याची जागा, भांड्यांचं फडताळ, ओले कपडे वाळवायची दोरी, असं जे खरंच वापरणार तेच बनवा. खिळा आणि तार न वापरता, फक्त दोरीने. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्टँडवर चपला असतात की तंबूच्या दारात विखुरलेल्या असतात, हे परीक्षक बघतो.

विस्तव पेटवण्याची कसोटी अशी असते, की उघड्यावर दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता लाकडाची चूल पेटली पाहिजे. सगळं यश काडी ओढण्याआधीच्या तयारीत आहे. वाळलेलं गवत किंवा नारळाची शेंडी, मग काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढी लाकडं, असे ढीग आधी लावा. वाऱ्याकडे पाठ करून बसा. कोकणात किंवा मावळात पावसाळी शिबिर असेल तर कोरडी काडी-काटकी प्लास्टिकच्या पिशवीत घरून न्या. चुलीभोवतीचं गवत काढणं, जवळ पाण्याची बादली ठेवणं आणि निघताना राख हाताला गार लागेपर्यंत विझवणं, हे त्याच कौशल्याचे भाग आहेत.

स्वयंपाक घरीच शिका. आठवड्यातून एक दिवस आईला, आजीला किंवा बाबांना म्हणा, आज खिचडी मी करणार. पाण्याचं प्रमाण, मिठाचा अंदाज, खाली लागल्याचा वास ओळखणं हे पुस्तकातून येत नाही. पुढे चुलीवर दोघांपुरतं, मग संघापुरतं. भांड्याविना रांधण्याचाही प्रकार स्काउटिंगमध्ये आहे आणि आपल्याला तो नवा नाही. निखाऱ्यात भाजलेलं भरताचं वांगं, कणीस, रताळं हे आपल्या शेतावरचं रोजचं जेवण आहे.

दिशा आणि अंदाज यांसाठी तर मैदान आणि आकाश पुरे. होकायंत्राच्या 16 दिशा पाठ कराच, पण होकायंत्राविना उत्तर शोधता आली पाहिजे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते. म्हणजे कोल्हापुरात साधारण 17 अंश, नागपुरात 21. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते. तेव्हा उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर मोजा आणि तिथे ध्रुव शोधा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ पुढे वाढवली की ती ध्रुवाजवळ पोचते. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाही, तेव्हा शर्मिष्ठेची मदत घ्या.

झाडाची उंची सावलीवरून काढता येते. दीड मीटरच्या लाठीची सावली 1 मीटर आणि त्याच वेळी झाडाची सावली 8 मीटर असेल, तर झाड 12 मीटर उंच. शाळेच्या मैदानावर 100 मीटर आखून नेहमीच्या चालीने किती पावलं पडतात ते मोजून ठेवा. तो आकडा तुमच्याकडे कायमची मोजपट्टी म्हणून राहील.

प्रथमोपचारात जुनं विसरायचंही असतं

राष्ट्रपती पुरस्काराच्या वाटेवर प्रथमोपचाराचं अँब्युलन्स मॅन पदक फार महत्त्वाचं आहे. ते शेवटी उरकायचं काम समजू नका. आठवीतच हाती घ्या आणि शक्य असेल तर डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित प्रथमोपचारकाकडूनच शिका. त्रिकोणी पट्टी, झोळी, हाड मोडल्यावर आधार देणं, बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला कुशीवर वळवणं, हे सगळं मित्रावर प्रत्यक्ष करून पाहा.

या विषयात ऐकीव उपाय मधे येतात, म्हणून काही गोष्टी पक्क्या करा. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळून बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, चालू द्यायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचं. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची ओळख असू द्या, पण साप पकडण्यात वेळ घालवू नका. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली सुमारे 20 मिनिटं धरायचं. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावायचं नाही. फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं चिमटीत धरायचा. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक संघातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. फोनवर ठिकाण नेमकं कसं सांगायचं याचाही सराव करा. गावाचं नाव, फाटा, जवळची खूण, आपला नंबर.

बॅज निवडताना

प्रावीण्य पदकांची यादी लांबलचक आहे. स्वयंपाकी, सायकलपटू, जलतरण, निसर्ग, बागकाम, नागरी संरक्षण, साक्षरता, मार्गदर्शक, पायोनिअर असे कितीतरी विषय तिच्यात आहेत. अनेक पथकांत तेच ते सोपे चार-पाच बॅज सगळ्यांना वाटले जातात. तसं करू नका. निवड करताना तीन खाने डोळ्यांपुढे ठेवा: एक बॅज जे मुळातच आवडतं त्याचा, एक ज्याची भीती वाटते त्याचा आणि एक तुमच्या गावाला उपयोगी पडेल असा. नदीकाठच्या मुलाने पोहण्याचा आणि बचावाचा बॅज घेणं, दुष्काळी भागातल्याने मृदसंधारणाचा घेणं, शहरातल्याने नागरी संरक्षणाचा घेणं यात अर्थ आहे. त्या त्या विषयातला जाणकार गाठून त्याच्याकडे काही आठवडे शिका. बागकाम शिकायला रोपवाटिकेतला माळी पुस्तकापेक्षा बरा.

एका पायरीला वापरलेला बॅज पुढच्या पायरीला चालतो की नाही, हे आधीच विचारून घ्या. शेवटच्या महिन्यात कळलं तर उपयोग नाही.

सेवा प्रकल्प: थांबला तर कुणाचं अडेल?

सेवेची निवड करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या आपण हे काम थांबवलं तर कुणाचं अडेल? कुणाचंच अडणार नसेल, तर तो प्रकल्प फोटोपुरता आहे.

वृक्षारोपणाचंच घ्या. जुलैत खड्डे, रोपं, पाहुणे, फोटो सगळं होतं. मार्चमध्ये त्यातली किती जगली हे कुणी विचारत नाही. तुम्ही पन्नास रोपं लावण्याऐवजी दहाच लावा. दर रविवारी पाणी, कुंपण, महिन्याला उंचीची नोंद आणि पुढच्या जूनपर्यंत किती जगली याचा खरा आकडा. सहाच जगली तर सहा लिहा आणि चार का मेली तेही लिहा. हा प्रकल्प परीक्षकासमोर दहा मिनिटं बोलता येईल इतका भक्कम असतो.

आपल्याकडे अशा कामांना तोटा नाही. पावसाळा संपताच ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा, पालखीच्या वाटेवर पाणपोई आणि हरवलेल्या मुलांची नोंद, गणपती विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करून त्याचं खत, वस्तीतल्या आज्यांना सही आणि मोबाइलवरचे आकडे शिकवणं, शाळेच्या पाण्याच्या टाकीची महिन्याला सफाई. यातलं एकच निवडा आणि सहा महिने लावून धरा.

काम सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. आज परिस्थिती काय आहे, शक्यतो आकड्यात. कुणाची परवानगी लागेल, म्हणजे ग्रामपंचायत, मुख्याध्यापक, सोसायटी की वनखातं. खर्च किती आणि तो कुठून येणार. आणि शेवटी काय बदललेलं दिसायला हवं. खर्चासाठी वर्गणी मागत फिरण्याऐवजी ‘खरी कमाई’चा, म्हणजे स्वतः कष्ट करून मिळवलेल्या पैशांचा, उपयोग करा. शाळेतल्या आनंद मेळाव्यात भेळ-वडापावचे स्टॉल लागतात ते याचसाठी. पण तिथे भेळ आयांनी करायची आणि पोरांनी गल्ला सांभाळायचा, असं होऊ देऊ नका. बाजारहाट, चिरणं, विकणं, हिशेब आणि भांडी घासणं हे सगळं संघाचं काम. नफा आला तर किती, तोटा झाला तर का, हे वहीत आलं पाहिजे.

नोंदवही खरी ठेवा

नोंदवही सुंदर असण्यापेक्षा खरी असणं महत्त्वाचं. छापील बॉर्डर, चमकीचं शीर्षक आणि इंटरनेटवरून उतरवलेली माहिती परीक्षकाने हजारदा पाहिलेली असते. त्याला थांबवते ती चिखलाचा डाग पडलेली, तारीखवार लिहिलेली, खाडाखोड असलेली वही.

प्रत्येक कामानंतर त्याच रात्री पाच ओळी लिहा. तारीख आणि वेळ, कोण कोण होतं, मी नेमकं काय केलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. जिथे सेवा केली तिथल्या जबाबदार माणसाची सही त्याच दिवशी घ्या. हाइकच्या नोंदीत स्वतः काढलेला नकाशा असू द्या, वेडावाकडा असला तरी चालेल. रोजच्या सत्कृत्याची नोंद ठेवत असाल तर ‘आईला मदत केली’ हे वाक्य तीसदा लिहू नका. काय मदत केली ते लिहा.

मागची तारीख टाकून लिहिलेल्या नोंदी पकडल्या जातात, कारण प्रश्न विचारल्यावर त्या बोलत नाहीत. पण पकडलं जाणं हा मुद्दाच नाही. स्काउटच्या नऊ नियमांतला पहिला नियम विश्वासार्हतेचा आहे. त्या नियमाच्या परीक्षेला खोटी वही घेऊन जायचं, हे विनोदी आहे.

चाचणी शिबिरात

शिबिराआधीच्या महिन्यात नवं काही शिकायला घेऊ नका, जुनं पक्कं करा. प्रार्थना, झेंडागीत, वचन आणि नियम हे शब्दशः यायला हवेत. त्यांचा अर्थ मात्र स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवा. ‘काटकसरी असतो म्हणजे तू काय करतोस?’ असा प्रश्न येतो. त्याला पाठ केलेलं उत्तर नसतं. बी.पी.चे सहा व्यायाम आणि सूर्यनमस्कार रोज करत असाल तर तुमचं अंगच त्याची साक्ष देतं.

गणवेश आधीच मापात करून घ्या. स्कार्फची घडी, वॉगल, बॅज जागच्या जागी. सामानात दोरी, त्रिकोणी पट्टी, टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली, ताट-वाटी, अंथरूण आणि पावसाळा असेल तर प्लास्टिकचा मोठा कागद. महागड्या वस्तू घरी ठेवा. आपली पिशवी आपणच भरा, म्हणजे अंधारात टॉर्च कुठे आहे ते कळतं.

शिबिरात परीक्षा फक्त परीक्षेच्या तासाला होत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी मुलांबरोबर तुमचा संघ बनवतात. जेवणाच्या रांगेत कोण घुसतं, रात्री दुसऱ्याच्या तंबूची दोरी सुटली तर कोण उठतं, शेकोटीच्या कार्यक्रमात कोण दुसऱ्याच्या गाण्याला साथ देतं, हे सगळं दिसत असतं. एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ सांगा, ‘सर, हे मला येत नाही, पण असं करून पाहीन.’ थापेपेक्षा हे उत्तर अधिक वजनदार ठरतं.

पालकांनो आणि शिक्षकांनो

पालकांना एवढंच सांगणं, की मुलाची वही तुम्ही लिहू नका, बॅग तुम्ही भरू नका आणि खिचडी करपली तरी ती खा. तुमचं काम परवानगी द्यायचं, वेळ मोकळा ठेवायचं आणि शिकवणीच्या वेळापत्रकात शनिवारची सभा बसवायचं. हाइकला जाताना प्रौढ जबाबदार व्यक्ती कोण, मुलींच्या शिबिरात गाईड कॅप्टन सोबत आहेत का, जवळचा दवाखाना कोणता, हे प्रश्न मात्र जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शिक्षकांवर या चळवळीचा सगळा भार आहे. तासिका, शालाबाह्य कामं, निवडणुकीच्या ड्युट्या सांभाळून ते पथक चालवतात. त्यांनी निदान प्रत्येक मुलाच्या पायऱ्यांच्या तारखा एका तक्त्यावर लिहून तो भिंतीवर लावला, तरी अर्धी धांदल टळते. मुलं आपापली तारीख स्वतः सांभाळू लागतात.

मिळतं काय?

हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. महाराष्ट्रात पात्र स्काउट-गाईडना दहावी-बारावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव मुदतीत जावा लागतो. भारतीय रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाईड कोटा आहे. तिथे राष्ट्रपती पुरस्कार ही महत्त्वाची पात्रता धरली जाते, पण नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. किमान 5 वर्षं सक्रिय सदस्यत्व आणि राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या मेळाव्यांतला सहभागही दाखवावा लागतो. म्हणजे पुरस्कार मिळाला की गणवेश माळ्यावर टाकणाऱ्याला तिथेही फारसं हाती लागत नाही. गाईड मुलींनी पुण्यातल्या ‘संगम’ या जागतिक केंद्राचीही माहिती करून घ्यावी. 1966 पासून तिथे जगभरच्या गाईड मुली येतात.

गुण आणि नोकरी मिळाली तर उत्तमच. पण चार वर्षं हा रस्ता प्रामाणिकपणे चाललेल्या मुलाला शिबिरात अपयश आलं, तरी त्याला चूल पेटवता येते, आठ जणांचं जेवण करता येतं, जखम बांधता येते, अनोळखी माणसांबरोबर काम करता येतं आणि दिलेला शब्द पाळता येतो. यातलं काहीही निकालावर अवलंबून नाही.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. नियमपुस्तिकेतल्या तुमच्या पुढच्या पायरीच्या अटी मिळवा. फाइल उघडून कोणता कागद नाही त्याची यादी करा. आणि येत्या शनिवारच्या सभेला जाताना संघापुढे एक प्रस्ताव घेऊन जा: पुढचे सहा महिने आपण नेमकं कुणाचं कोणतं काम करणार आहोत?